ऑफिसचे कपडे शिवायला टाकण्याआधी

नवी नोकरी लागलेली मुलगी दुकानात येते, काउंटरवर पाच ड्रेस मटेरियल ठेवते आणि म्हणते, "पाच दिवसांचे पाच शिवून टाका." आम्ही शिवून देतो. वर्षभराने तीच मुलगी निळा कुर्ता घेऊन परत येते. कुर्ता चांगला आहे, सलवार मात्र विटली. आता त्यावर घालायचं काय? दुसरं काहीच जमत नाही, कारण ते तीन कपडे एकमेकांसाठीच छापलेले होते. डोंबिवलीतल्या आमच्या या छोट्या दुकानात ही गोष्ट इतक्यांदा घडली, की शेवटी हे पत्रक छापायचं ठरवलं.

सेट नको, सुटे कपडे घ्या

पाच सेट म्हणजे पाच कुर्ते, पाच सलवारी, पाच ओढण्या. कपाटात पंधरा कपडे, आणि जोड्या पाचच. त्याऐवजी तीन पँट आणि सहा कुर्ते शिवा. प्रत्येक कुर्ता तिन्ही पँटवर जात असेल तर नऊ कपड्यांत अठरा जोड्या होतात. वर दोन ओढण्या घेतल्या तरी एकूण अकराच नग.

सुरुवात खालून करा, म्हणजे आधी पँट. एक काळी, एक नेव्ही, एक चहाच्या रंगाची. पांढरी रोजच्या लोकलसाठी नको, आणि पावसाळ्यात तर नकोच. कुर्त्यांपैकी चार साधे किंवा बारीक प्रिंटचे घ्या, उरलेले दोन मनासारखे भडक घ्या, आमची हरकत नाही. अट एवढीच, की प्रत्येक कुर्ता निदान दोन पँटवर शोभला पाहिजे. पँट शिवली की उरलेल्या कापडाची चिंधी आम्ही देतो. ती पर्समध्ये ठेवा आणि पुढच्या वेळी कापड घेताना लावून पाहा. तेही दुकानाच्या दारात, उजेडात. ट्यूबलाइटखाली काळा आणि नेव्ही ओळखायला आम्हीसुद्धा चुकतो.

भाव मीटरचा, पण पन्हा किती?

बाजारात भाव मीटरवर ठरतो, आणि पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारायचं राहून जातं. गुडघ्याखाली येणाऱ्या, पाऊण बाहीच्या कुर्त्याला 36 इंच पन्ह्याचं कापड साधारण पावणेतीन मीटर लागतं, 44 इंची असेल तर सव्वादोन ते अडीच, आणि 58 इंची असेल तर दीड-पावणेदोन मीटरमध्ये भागतं. समजा, 36 इंची कापड 120 रुपये मीटर आहे आणि 58 इंची 180 रुपये. पहिल्यात कुर्त्याचं कापड 330 रुपयांना पडतं. दुसरं पावणेदोन मीटर घेतलं तरी 315. महाग वाटणारं कापडच स्वस्त निघालं. अंगकाठी मोठी असेल किंवा घेर जास्त हवा असेल तर हिशोब बदलतो, तेव्हा कापड फाडून घेण्याआधी आम्हाला एक फोन करा.

सुती म्हणून विकलं जाणारं सगळंच सुती नसतं. कडेचा एक धागा ओढून घरी जपून पेटवून पाहा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख होते. पॉलिस्टर वितळतं आणि टोकाला कडक मणी तयार होतो. रेयॉन मात्र या परीक्षेत पकडलं जात नाही, तेही कागदासारखंच जळतं. रेयॉन अंगावर छान पडतं, पण ओलं असताना कमजोर होतं, म्हणून ते पिळू नका. पॉलिस्टरला आम्ही सरसकट नावं ठेवत नाही. मे महिन्यात ते अंगाला नको होतं खरं, पण जुलैत रात्री धुतलेला कुर्ता सकाळी वाळलेला हवा असेल तर टेरिकॉटसारखं मिश्र कापडच कामाला येतं. सहा कुर्त्यांत असे दोन असू द्या.

कापड भिजवून आणा

सुती कापड आटतं. पाच टक्के आटलं तर 44 इंच उंचीचा कुर्ता दोन इंचांनी वर जातो. सुरुवातीच्या काळात एका ताईंचा कुर्ता आम्ही घाईत न भिजवता शिवला, पहिल्याच धुण्यात तो दंडाला घट्ट झाला आणि आम्हाला पदरचं कापड घालून दुसरा शिवून द्यावा लागला. तेव्हापासून नियम केला आहे: कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजवायचं, सावलीत वाळवायचं, मगच कात्री लावायची. गडद रंग वेगळा भिजवा, रंग जातो की नाही ते तिथेच कळतं. अस्तरही भिजवा. कुर्ता न आटता अस्तर आटलं, की खालचा घेर चुण्या पडून वर ओढला जातो, आणि ते नंतर कुणालाच नीट करता येत नाही.

आत कापड सोडायला सांगा

रेडिमेड कुर्ता उलटा करून पाहा, शिवणीत जेमतेम अर्धा इंच कापड असतं. आम्ही दोन्ही कुशींना, म्हणजे बाजूच्या शिवणींना, पुढच्या आणि मागच्या भागात एकेक इंच ठेवतो. वजन वाढलं, बाळंतपण झालं, तरी उसवून तीनेक इंच मोठा करता येतो. शिवलेला कपडा परवडतो तो इथे, नाहीतर नुसत्या किमतीत रेडिमेडशी आमची बरोबरी होत नाही. लेगिंग मात्र शिवायला आणू नका, विकतचीच घ्या.

आणि खिसा. पँटला हवाच, कुर्त्याच्या उजव्या कुशीतही लावून घ्या. गर्दीत चढताना पास आणि मोबाइल हातात कशाला? खिशाचे वेगळे पैसे आम्ही घेत नाही.

आईची साडी, खणाचा तुकडा

पाचवारी सुती साडीत दोन कुर्ते सहज बसतात. आधी ती उजेडासमोर धरून पाहा. निऱ्यांच्या आणि कमरेच्या भागात विरलेली असेल तर एकच कुर्ता करा, तोही अस्तर लावून. काठ बाह्यांना आणि खालच्या घेराला लावता येतात. ओटीत आलेले खण कपाटात पडून असतील तर साध्या कुर्त्याच्या छातीवर योक, म्हणजे गळ्याखालचा वेगळा तुकडा, म्हणून लावतो. कापडाचा खर्च शून्य, आणि विचारणाऱ्या मैत्रिणी चार.

नवरात्रात नऊ रंग पाळायचे म्हणून नऊ कपडे घेऊ नका. करड्या आणि मोरपंखी रंगाचा कुर्ता पुढे वर्षभर घातला जात नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. काळ्या पँटवर एखादा साधा फिका कुर्ता ठरवा आणि रंग ओढणीवर काढा. ओढण्या मैत्रिणींत फिरतात, कुर्ते फिरत नाहीत.

कधी यायचं

कापड आषाढातल्या सेलमध्ये घ्या आणि शिवायला पितृपक्षात आणा. तेव्हा आमचे हात मोकळे असतात आणि काम निवांत होतं. दसऱ्यानंतर आणलेलं दिवाळीआधी देऊ, असं आम्ही सांगत नाही.

येताना तुम्हाला सगळ्यात नीट बसणारा एक जुना कुर्ता आणा, नुसत्या टेपच्या मापापेक्षा तो जास्त सांगतो. सहाही एकदम टाकू नका. आधी एक शिवू, तुम्ही तो दोन दिवस ऑफिसला घालून पाहा. हात वर करून दांडी धरली की मुंढ्यात, म्हणजे बाही जोडते तिथे, ओढतो का, बसल्यावर कट कुठपर्यंत उघडतो, ते सांगा. मग उरलेले पाच कापायला घेऊ. पहिल्या महिन्यातली दुरुस्ती मोफत. सोमवारी दुकान बंद असतं.