छिद्रे नसलेल्या स्फटिकात वायू शिरतो तेव्हा

पाठ्यपुस्तकांतील बहुतेक रासायनिक अभिक्रिया द्रावणात घडतात, कारण तिथे रेणूंना हिंडायला मोकळीक असते. स्फटिकात मात्र प्रत्येक रेणू आपल्या जागी जखडलेला असतो, त्यामुळे त्यावर वायू सोडला तरी फार तर पृष्ठभागावर काही घडेल, असे वाटणे स्वाभाविक आहे.

1970 च्या दशकात अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात डेव्हिड कर्टिन आणि इयान पॉल यांनी पॅरा-क्लोरोबेन्झोइक आम्लाच्या स्फटिकांवर अमोनिया सोडला. सूक्ष्मदर्शकाखाली दिसले ते असे, की काही बाजूंनी अभिक्रिया झपाट्याने आत सरकत होती, तर मोठी सपाट पृष्ठे पारदर्शकच राहत होती. म्हणजे वायूने कुठून शिरायचे हे आतल्या रेणूंची मांडणी ठरवत होती. मात्र मूळचा एकसंध स्फटिक त्यात टिकला नाही, त्याच्या जागी अमोनियम क्षाराचे बारीक, अपारदर्शक कण उरले.

2000 साली नेदरलँड्समधील उट्रेख्त विद्यापीठातील खेरार्ड फान कोटेन आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेले काम म्हणूनच मला अधिक विलक्षण वाटते. त्यांच्या संयुगात प्लॅटिनमचा अणू एका सेंद्रिय रेणूने चिमट्यासारखा तीन ठिकाणी धरलेला असतो, चौथ्या जागी क्लोरीन असतो आणि हे चारही बंध एकाच प्रतलात असतात. या रंगहीन स्फटिकांवर सल्फर डायऑक्साइड सोडला, की त्यातील गंधक प्लॅटिनमशी पाचवा बंध जोडतो आणि स्फटिक नारिंगी होतात. वायू हटवला, की ते पुन्हा रंगहीन होतात. एवढा पाहुणा आत सामावून घेऊनही स्फटिकाची शिस्त मोडत नाही, हे क्ष-किरणांच्या विवर्तनाने, म्हणजे स्फटिकातून जाताना किरण कसे विखुरतात ते पाहून रचना ओळखण्याच्या पद्धतीने, दाखवून दिले. एका रेणूतील हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) आणि शेजारच्या रेणूतील क्लोरीन यांच्यातील हायड्रोजन बंधांच्या, म्हणजे रेणूंमधील सौम्य आकर्षणाच्या, साखळ्या ही रचना सावरून धरतात.

इंग्लंडमधील शेफील्ड विद्यापीठात ली ब्रॅमर यांच्या गटाने याहून मोठी उलथापालथ घडवली. क्लोरोपिरिडीन हा सेंद्रिय रेणू आपल्या नायट्रोजनने जोडलेल्या तांब्याच्या संयुगाच्या निळ्या स्फटिकांनी हायड्रोजन क्लोराइड शोषला, तेव्हा वायूतील हायड्रोजन-क्लोरीन बंध तुटला, तांबे-नायट्रोजन बंधही तुटला, नवे बंध जुळले आणि पिवळा क्षार तयार झाला. तापवल्यावर वायू बाहेर पडून मूळ पदार्थ परत मिळाला.

प्लॅटिनम आणि तांबे या दोन्ही उदाहरणांत स्फटिक सच्छिद्र नाहीत. वायूसाठी कायमची वाट नसते, तर शेजारचे रेणू किंचित सरकतात, वळतात आणि तात्पुरती फट निर्माण होते. विषारी वायू रंगबदलावरून ओळखणारे संवेदक म्हणून प्लॅटिनमच्या संयुगाकडे पाहिले गेले, तेही त्यामुळेच, कारण तोच स्फटिक पुन्हापुन्हा वापरता येतो.