मे महिन्यात गावी जाणार असाल तर चवळी कधी पेरावी?

फेब्रुवारी लागला की चवळीच्या बियांची मागणी सुरू होते, आणि मे संपता संपता त्यातलेच काही ग्राहक पाकीट हातात घेऊन परत येतात. तक्रार ठरलेली: ‘वेल हिरवागार आहे, पण शेंगाच धरत नाहीत. बी खराब निघालं.’ विचारपूस केली की बहुतेक वेळा कळतं, मधले पंधरा-वीस दिवस घर बंद होतं.

बियांत दोष नसतो, दिवसांचा हिशेब चुकलेला असतो. सगळे जण पहिली शेंग कधी येईल ते मोजतात. ‘पन्नास दिवसांत शेंगा, ५ मेला निघायचं, म्हणजे १५ मार्चला पेरू.’ तसं केलं तर ४ मेला पहिली मूठभर शेंग हाती येते आणि दुसऱ्या दिवशी दाराला कुलूप लागतं. वेलाची चवळी एकदा सुरू झाली की चार-पाच आठवडे दिवसाआड तोडावी लागते. मोजायची ती शेवटची तोडणी.

न तोडलेली शेंग नुसती वाया जात नाही, ती वेलालाही थांबवते. वेलाचं काम बी तयार करणं. शेंग कोवळी असताना काढली की तो पुन्हा फुलतो. शेंग तशीच राहून दाणे भरू लागले की सगळं पोषण तिकडे जातं, नव्या कळ्या गळतात आणि वेल म्हातारा होऊ लागतो. कुंडीतल्या लहान वेलाला थांबवायला मोजक्या जून शेंगाही पुरतात.

आमच्याकडच्या वेलाच्या चवळीला रुजायला ४ ते ६ दिवस लागतात. फूल चाळिसाव्या दिवसाच्या आसपास येतं आणि त्यानंतर ८ ते १० दिवसांत कोवळी शेंग तयार होते. ५ मेला निघून २५ मेला परतणार असाल, तर दोनच तारखा सोयीच्या आहेत. १० फेब्रुवारीला पेरलंत तर १ एप्रिलपासून निघेपर्यंत भरपूर तोडण्या मिळतात, मग वेल उपटून मोकळं व्हायचं. नाहीतर ८ एप्रिलला पेरा. तुम्ही गावी असताना वेल नुसता वाढेल आणि फुलू लागेल, पहिल्या शेंगा २८ मेच्या सुमाराला येतील. फक्त पाणी घालणारं कुणीतरी हवं. आणि अशी कुंडी पत्र्याच्या किंवा पागोळीच्या आत असू द्या, कारण जूनच्या पहिल्या पावसाच्या माऱ्यात फुलं झडतात. या दोन तारखांच्या मधे पेरू नका. बी विकताना आम्ही ‘जाणार कधी?’ असं विचारतो ते एवढ्यासाठीच. काहींना ती चौकशी वाटते, पण पाकिटावर पेरणीची तारीख हाताने लिहून दिल्यापासून परत येणारी पाकिटं खरोखरच कमी झाली आहेत.

पेरणी उशिरा झालीच असेल तर निघायच्या आदल्या दिवशी वेल रिकामा करून जा. आठवडाभर जाणार असाल तर बोटभर लांबीच्या शेंगेपर्यंत सगळ्या काढा. दहा-बारा दिवस असतील तर उमललेली फुलंही खुडा. जिवावर येतं हे खरं, पण आजचं फूल दहाव्या दिवशी तोडायची शेंग होतं आणि त्यानंतर जून होत जातं. त्याहून जास्त दिवस असतील तर शेजाऱ्यांना ‘पाणी घाला’ एवढंच सांगून निघू नका. ‘शेंगा तुमच्याच, पण दिवसाआड तोडा’ असं सांगा. संकोचाने शेजारी शेंगेला हात लावत नाहीत आणि वेल जातो.

तोडायचं कसं हेही त्यांना एकदा दाखवा. शेंगा बहुधा जोडीने, एका लांब दांडीच्या टोकाला लोंबतात. शेंगा जिथे चिकटलेल्या असतात तिथेच बारीक गाठ असते. तीत पुढच्या कळ्या असतात आणि त्याच दांडीवर पुन्हा शेंगा धरतात. म्हणून दांडी न ओढता ती एका हाताने धरून शेंग तिच्या मुळाशी पिरगळावी, किंवा कात्री वापरावी. त्या गाठीवर मुंग्या फिरताना दिसतात. तिथे गोड रस पाझरतो, घाबरायचं कारण नाही. मुंग्यांसोबत कोवळ्या शेंड्यावर काळे चिकट किडे दिसले तर मात्र तो मावा. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा, मग संध्याकाळी निंबोळी तेल मारा.

शेंग वाकवल्यावर कट्कन मोडली पाहिजे. बाहेरून दाण्यांचे फुगवटे दिसू लागले, साल सैल आणि पोकळ लागली, तर उशीर झाला. तिचे दाणे सोलून भाजीत घाला, पण वेलावर ठेवू नका. निघताना शेंगा जास्त निघाल्या तर दोन इंचाचे तुकडे उकळत्या पाण्यात ३ मिनिटं ठेवा, लगेच बर्फाच्या पाण्यात टाका, फडक्यावर कोरडे करून फ्रीझरमध्ये ठेवा. न उकळता गोठवले तर चव उतरते.

मटाराबद्दलही विचारणा होते. उन्हाळ्यासाठी मटाराचं बी आम्ही देत नाही. पारा तिशीच्या वर गेला की त्याची फुलं गळतात, आणि आपल्याकडे डिसेंबरातही दुपारी तेवढं तापतं. हौस असेल तर नोव्हेंबरच्या सुरुवातीला पेरा, मूठ-दोन मुठी शेंगांवर समाधान माना. सुट्टीची कटकटच नको असेल त्यांनी भात कापल्यावर अळसांदे (गोव्याकडची मोठ्या दाण्याची चवळी) लावावेत. शेंगा वेलावरच वाळवायच्या असतात, मार्चपर्यंत पीक हाती येतं, आणि मे महिन्यात तुम्ही कुठेही असलात तरी तोणाकाचे, म्हणजे खोबऱ्याच्या वाटणाच्या रस्साभाजीचे, अळसांदे डब्यात असतात. डब्यात भरण्याआधी तीन-चार कडक उन्हं द्या, नाहीतर भुंगा लागतो.

बारा इंची कुंडीत दोनच वेल ठेवा, बी एक इंच खोल टाका, युरिया देऊ नका (पानं माजतात, फूल लांबतं). मांडवाची जाळी, सुतळी आणि कुंड्यांना ठरल्या वेळी पाणी देणारा टायमर दुकानात मिळतो. टायमर घेतलात तर निघण्याआधी निदान चार दिवस घरी असताना चालवून बघा. नळीचा सांधा निसटतो तो पहिल्या एक-दोन दिवसांत.

बियांची शंका असेल तर पेरण्याआधी दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. चार-पाच दिवसांत आठांना मोड आले नाहीत तर फडक्यासकट घेऊन या, पाकीट बदलून मिळेल. खरेदीपासून १५ दिवसांच्या आत, शुक्रवारी बाजाराची गर्दी असली तरीही.