एक रुपयाची नोट: कायद्याच्या लेखी नाणं

एक रुपयाच्या नोटेवर रिझर्व्ह बँकेचं नाव नसतं. वर ‘भारत सरकार’ असं छापलेलं असतं, खाली सही असते ती वित्त सचिवांची, आणि ‘मैं धारक को…’ हे वचनही कुठे सापडत नाही. हे असं का, याचं उत्तर पहिल्या महायुद्धात आहे.

तेव्हाचा रुपया म्हणजे एक तोळा वजनाचं, जवळजवळ सगळं चांदीचंच नाणं. युद्धात चांदी महागली, मिळेनाशी झाली आणि टांकसाळींना नाण्यांची मागणी पुरवणं अवघड झालं. म्हणून 30 नोव्हेंबर 1917 रोजी सरकारने रुपयाची नोट काढली आणि तिच्यावर पाचव्या जॉर्जच्या रुपयाचंच चित्र छापलं. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. नाणं वाजवून पारखणाऱ्या माणसाला कागद घ्यायला लावायचा, तर त्यावर ओळखीचं नाणं दिसायला हवंच. पाठोपाठ 1918 मध्ये अडीच रुपयांची नोटही आली. हीच चांदीटंचाई निजामाच्या हैदराबादलाही भोवली आणि त्या संस्थानाने स्वतःच्या नोटा काढल्या. आपला मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता.

खर्च परवडेना म्हणून 1926 मध्ये रुपयाची नोट थांबली. 1935 मध्ये रिझर्व्ह बँक आली आणि नोटा काढण्याचं काम तिच्याकडे गेलं. रुपयाचं नाणं मात्र सरकारकडेच राहिलं. दुसऱ्या महायुद्धात, 1940 साली, ही नोट परतली ती रुपयाच्या नाण्याचा दर्जा घेऊन. वरच्या सगळ्या वेगळेपणाचं मूळ इथे आहे. बँकेची नोट म्हणजे रक्कम देण्याचं वचन. ही नोट म्हणजे थेट रुपयाच, मग वचन कशाचं द्यायचं?

1994 मध्ये छपाई पुन्हा बंद पडली, 2015 मध्ये सुरू झाली. आजची नोट 9.7 बाय 6.3 सेंटीमीटरची आहे. कागद पूर्ण सुती, जाडी 110 मायक्रॉन. मागे समुद्रातला ‘सागर सम्राट’ हा तेलविहिरी खोदणारा तराफा आहे. उजेडात धरली की अशोकस्तंभाचं जलचिन्ह, मधोमध दडलेला 1 चा आकडा आणि उजवीकडे उभा लिहिलेला ‘भारत’ हा शब्द दिसतो. इतक्या लहान किमतीच्या कागदावर एवढी मेहनत घेतलेली पाहिली की तो खर्चून टाकवत नाही.