इंग्रजीतलं प्रीपोझिशननंतरचं सर्वनाम

इंग्रजीत फॉर, टू, विथ, बिट्वीन असं प्रीपोझिशन आलं की पुढचं सर्वनाम कर्मरूपात येतं: आय चं मी (me), ही चं हिम, शी चं हर, वी चं अस, दे चं देम. यू आणि इट तसेच राहतात. एकटं सर्वनाम असलं तर सहसा कुणी चुकत नाही, घोळ होतो तो अँड लागल्यावर, म्हणजे बिट्वीन यू अँड मी की बिट्वीन यू अँड आय. शुद्ध धरलं जातं ते पहिलं.

जुन्या इंग्रजीत प्रीपोझिशन बघून द्वितीया किंवा चतुर्थी लागायची, पुढे दोन्हींची रूपं एक झाली. मग बिट्वीन यू अँड आय आलं कुठून, यावर वाद आहे. नेहमी सांगतात ते असं की शाळेत 'मी अँड जॉन वेंट' खोडून आय लिहायला लावलं, म्हणून लोक नको तिथंही आय घालायला लागले, याला अतिशुद्धी म्हणतात. खरं हे पुरतं पटत नाही, कारण शेक्सपिअरच्या मर्चंट ऑफ व्हेनिसमध्ये अँटोनियोच्या पत्रात हाच प्रयोग आहे, नाटक साधारण १५९६ ते १५९८ मधलं, छापलं १६०० साली, आणि इंग्रज बिशप लाउथचं गाजलेलं व्याकरण आलं १७६२ ला, म्हणजे प्रयोग त्याच्या कितीतरी आधीचा. दुसरं मत असं की अँडनं जोडलेली जोडी एकच गठ्ठा होते आणि प्रीपोझिशनचा अंमल आतल्या सर्वनामापर्यंत पोचत नाही. जुन्या उदाहरणांना हे जास्त लागू पडतं, आजच्या वापरात मात्र अतिशुद्धीचा हात असणारच.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी पोरांना हा नियम खरंतर दोन्हीकडून ठाऊक असतो. मराठीत तुझ्यामाझ्यात, कन्नडमध्ये निन्न नन्न नडुवे, नानु चं नन्न होतंच की. अडतं ते आवाजापाशी: इंग्रजी मी आणि आपला मी कानाला एकच आणि काम उलटं, आपला मी कर्ता आणि त्यांचा मी कर्म. म्हणून वाक्य आधी मराठीत म्हणून बघावं, माझ्या किंवा मला आलं तर इंग्रजीत मी, नुसतं मी आलं तर आय. माझ्यानंतर म्हणजे आफ्टर मी, मी गेल्यावर म्हणजे आफ्टर आय लेफ्ट. दॅनला (than) ही युक्ती पुरत नाही, आपण माझ्यापेक्षा म्हणतो आणि बोलण्यात दॅन मी चालतं, खरं लाउथच्या वळणाचे व्याकरणकार दॅनला उभयान्वयी धरून टॉलर दॅन आय मागतात.