बिल्ड प्रणालीचे संदर्भ दस्तऐवजीकरण

संदर्भ दस्तऐवजीकरण म्हणजे बिल्ड प्रणालीतील प्रत्येक आज्ञा, तिचे पर्याय, डिफॉल्ट (काही न सांगितल्यास लागू होणारी) मूल्ये आणि अटी नेमक्या शब्दांत नोंदवणारा मजकूर. बिल्ड प्रणाली सोर्स कोडपासून चालता प्रोग्राम घडवते. कोणती फाइल कशावर अवलंबून आहे हे पाहून बदललेला भागच पुन्हा तयार करते. सोलापुरात हे समजवायला चादरीचा कारखाना पुरतो. सूत रंगल्याशिवाय ताण्याचा बीम (उभ्या धाग्यांचा रूळ) भरत नाही, बीम चढल्याशिवाय यंत्रमाग चालत नाही. पण नुसत्या आडव्या धाग्याचा रंग बदलायचा असेल, तर बीम उतरवायचे कारण नाही.

या प्रणालींपैकी ‘मेक’ ही स्टुअर्ट फेल्डमन यांनी 1976 मध्ये अमेरिकेतील बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत लिहिली. तिच्या फाइलीत आज्ञेची ओळ टॅबनेच सुरू व्हावी लागते. छापील पानावर टॅब आणि मोकळी जागा सारखीच दिसते, त्यामुळे उदाहरण जसेच्या तसे उतरवूनही ‘सेपरेटर (विभाजक) नाही’ अशी त्रुटी येते. जॅकार्ड मागाला नक्षी सांगणाऱ्या पुठ्ठ्यातले चुकीचे भोकही असेच गठ्ठ्यात दिसत नाही, कापडावर उमटते. असा नियम प्रस्तावनेत एकदा सांगून भागत नाही. तो त्या त्या नोंदीत, त्रुटीच्या मजकुरासह हवा.

संदर्भ सुधारणे म्हणजे पाने वाढवणे नव्हे. वाचक नोंदीकडे येतो तो अर्धवट अडलेला: हा पर्याय गाळला तर काय होते? यादी चालते की एकच शब्द? कोणत्या आवृत्तीपासून? ‘सीमेक’ या दुसऱ्या बिल्ड प्रणालीतील लायब्ररी (पुन्हा वापरता येणारा तयार कोड) जोडण्याची आज्ञा याचे बोलके उदाहरण आहे. ‘प्रायव्हेट’ म्हणजे जोडलेली लायब्ररी फक्त जोडणाऱ्या भागाच्या बांधणीला लागते, ‘इंटरफेस’ म्हणजे ती फक्त त्या भागाला वापरणाऱ्यांना लागते, ‘पब्लिक’ म्हणजे दोघांनाही. नवखा माणूस ‘प्रायव्हेट’चा अर्थ ‘लपवलेले’ असा घेतो आणि फसतो. यातला एकही शब्द दिला नाही, तर जोडणी पुढच्यांपर्यंतही पोहोचते. हे वाक्य व्याख्येला लागूनच असावे. तीन लायब्रऱ्यांचे छोटे उदाहरण इथे दोन परिच्छेदांहून जास्त काम करते.

मजकूर कुठे ठेवला आहे, यावरही त्याचे आयुष्य ठरते. ‘मेसन’ या आणखी एका बिल्ड प्रणालीचा संदर्भ ‘यॅमल’ या, माहिती रकान्यांत मांडणाऱ्या पद्धतीच्या फाइलींतून तयार होतो, त्यामुळे एखाद्या आर्ग्युमेंटचा (आज्ञेला दिलेल्या माहितीचा) प्रकार किंवा डिफॉल्ट ठरलेल्या रकान्यातच लिहावा लागतो. ‘सीमेक’ने 2014 मधील 3.0 आवृत्तीत आपली माहिती ‘रिस्ट्रक्चर्डटेक्स्ट’ या साध्या मजकुरात खुणा करून लिहायच्या पद्धतीत आणली. उदाहरणे चाचण्यांबरोबर चालवून पाहणे हा त्यापुढचा उपाय. न चालवलेले उदाहरण दोन आवृत्त्यांत शिळे होते.

सोलापूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत पुस्तक इंग्रजी असले, तरी बाकावरचे बोलणे मराठी, तेलुगू, कन्नड असे मिसळलेले. मराठीत टिपणे करताना आज्ञांची नावे बदलता येत नाहीत, कारण ती तशीच टाइप करायची असतात. ‘टार्गेट’ला, म्हणजे जे तयार करायचे त्याला, ‘लक्ष्य’ म्हटले, की पडद्यावरच्या त्रुटीशी ताळमेळ तुटतो. प्रयोगशाळेत सगळे ‘टार्गेट’च म्हणतात. ‘डिपेंडन्सी’चे मात्र ‘यावर अवलंबून’ असे सहज होते, आणि वाक्यही सुटसुटीत बनते.