उणे सात, उणे पाच: उत्तर −१२ की ३५?

सहावी-सातवीतल्या मुलाला −७ − ५ सोडवायला द्या. अनेकदा उत्तर येतं १२. का, असं विचारलं तर तो ठसक्यात सांगतो, "उणे उणे अधिक!" नियम तोंडपाठ आहे, पण तो गुणाकाराचा. इथे गुणाकार नाहीच. उत्तर −१२.

बेरीज-वजाबाकीत चिन्ह दिशा दाखवतं. संख्यारेषेवर शून्यापासून सात घरं डावीकडे गेलो, तिथून आणखी पाच डावीकडे, तर उजव्या बाजूला पोहोचणार कसे? चिन्हं वेगळी असतील तर अंतरांची वजाबाकी करायची आणि मोठ्या अंतराचं चिन्ह द्यायचं: −७ + ५ = −२. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये 'ब्राह्मस्फुटसिद्धान्ता'त दोन्ही नियम वेगवेगळे सांगितले आहेत: दोन ऋणांची बेरीज ऋण, दोन ऋणांचा गुणाकार धन. वर्गात मात्र आपण या दोन्हींचं एकच घोषवाक्य करून टाकतो, आणि घोटाळा तिथेच होतो असं माझं ठाम मत आहे.

आता (−७) × (−५). ऋण संख्या म्हणजे उधारी, हे उदाहरण बेरजेला छान लागू पडतं, पण उधारी गुणिले उधारी म्हणजे काय? काहीच नाही. इथे आकृतिबंध पाहावा:

२ × (−५) = −१०
१ × (−५) = −५
० × (−५) = ०

डावीकडचा अंक एकाने कमी झाला की उत्तर पाचाने वाढतं. पुढची पायरी (−१) × (−५), म्हणून उत्तर ५. हे नुसतं क्रम जुळवणं नाही. १ + (−१) म्हणजे शून्य. त्याला −५ ने गुणलं तरी शून्यच यायला हवं. यातल्या १ चे −५ झाले, तर उरलेल्या (−१) × (−५) या गुणाकाराला ५ होण्यावाचून गत्यंतर नाही. याच रीतीने (−७) × (−५) = ३५. भागाकारातही चिन्हांचा हाच नियम.

सगळ्यात फसवं उदाहरण −७ − (−५). इथे दोन उणे खरोखर शेजारी आहेत. पाचाची उधारी वजा करणं म्हणजे पाच मिळवणं, म्हणून −७ + ५. चिन्ह अधिक झालं, तरी उत्तर −२, ऋणच. "उणे उणे अधिक" म्हणत मुलं इथे २ किंवा १२ लिहून मोकळी होतात.