विद्यापीठाच्या ऑर्केस्ट्राबरोबर सोलो वादन: पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत शिकणारी मुले वर्षानुवर्षे कॉन्चेर्टो (एक सोलो वाद्य आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीची रचना) वाजवतात, पण पियानोच्या साथीवर. पूर्ण ऑर्केस्ट्रा पाठीशी घेऊन वाजवण्याची वेळ फार थोड्यांवर येते. ती येण्याचा तरुण वादकांसाठी सर्वांत खुला मार्ग म्हणजे विद्यापीठांच्या कॉन्चेर्टो स्पर्धा. यात रोख बक्षीस असेलच असे नाही. निवड झाली की विद्यापीठाच्या ऑर्केस्ट्राबरोबर जाहीर कार्यक्रमात सोलो वाजवायला मिळते, तेच बक्षीस.

नियम विद्यापीठागणिक बदलतात आणि त्या वर्षीची सूचनाच अंतिम मानायची. तरी अर्जाचा सांगाडा बहुतेक ठिकाणी सारखा असतो. उत्तम वाजवणाऱ्या मुलाचा अर्ज केवळ नियमात बसला नाही म्हणून परत येतो, तेव्हा फार वाईट वाटते. वादन सुधारायला वर्षे लागतात, अर्ज नीट भरायला एक आठवडा पुरतो.

अर्ज कोण करू शकतो

स्पर्धा ढोबळमानाने दोन प्रकारच्या असतात. पहिली विद्यापीठाच्या स्वतःच्या विद्यार्थ्यांसाठी. त्या सत्रात प्रवेश घेतलेला असावा, त्याच वाद्याचे शिक्षण विभागातल्या प्राध्यापकांकडे चालू असावे आणि बऱ्याचदा विद्यार्थी विद्यापीठाच्या एखाद्या वाद्यवृंदात वाजवणारा असावा, अशा अटी दिसतात. काही ठिकाणी संगीत हा मुख्य विषय नसलेले विद्यार्थीही चालतात. सूचनेत तसे स्पष्ट लिहिलेले नसेल तर विभागाला विचारून घ्या.

दुसरा प्रकार बाहेरच्या, बहुधा शालेय वयाच्या वादकांसाठी. इथे वयाची किंवा इयत्तेची मर्यादा असते. वय कोणत्या तारखेला मोजले जाणार हे नीट वाचा: अर्जाच्या शेवटच्या दिवशी, अंतिम फेरीच्या दिवशी की कार्यक्रमाच्या दिवशी. सीमेवरच्या मुलांचे सगळे यावरच ठरते.

पूर्वीच्या विजेत्यांना काही वर्षे पुन्हा भाग घेता येत नाही, हा नियमही बऱ्याच ठिकाणी असतो. अखेरच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी कार्यक्रमाची तारीख आधी पाहावी. तो पुढच्या शैक्षणिक वर्षात असेल, तर पदवी घेऊन बाहेर पडलेल्याला वाजवू देतात का, हे लेखी विचारून ठेवावे. परीक्षकांत तुमचेच शिक्षक असतील तर अर्जात तसे नमूद करा. अशा वेळी ते शिक्षक सहसा त्या उमेदवाराला गुण देत नाहीत.

रचना निवडताना ऑर्केस्ट्राकडे पाहा

अर्जातला सर्वांत महत्त्वाचा रकाना रचनेचा, आणि तोच घाईघाईत भरला जातो. विद्यापीठ तुमच्या वादनाबरोबर आणखी एक गोष्ट तपासत असते: ही रचना आपल्या ऑर्केस्ट्राला मोजक्या तालमींत बसवता येईल का?

वाद्यसंख्या लिहिण्याची एक ठरलेली पद्धत आहे. मेंडेल्सोनचा ई मायनर व्हायोलिन कॉन्चेर्टो (पहिला प्रयोग 1845) असा लिहितात: 2222 – 2200 – टिंपनी – स्ट्रिंग्ज. पहिले चार आकडे फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, बासून यांचे. पुढचे चार हॉर्न, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, ट्यूबा यांचे. म्हणजे इथे लाकडी सुषिर वाद्ये दोन-दोन, हॉर्न दोन, ट्रम्पेट दोन, ट्रॉम्बोन आणि ट्यूबा नाहीत. टिंपनी म्हणजे मोठे ढोल, स्ट्रिंग्ज म्हणजे तंतुवाद्ये. एवढी वाद्ये बहुतेक विद्यापीठांकडे असतात.

उलट शोस्ताकोविचचा पहिला चेलो कॉन्चेर्टो (1959) घ्या. ब्रास वाद्यांत फक्त एक हॉर्न, म्हणून तो हलका वाटतो. पण त्या एका हॉर्नवर जवळजवळ दुसऱ्या सोलोइस्टइतकी जबाबदारी आहे आणि वर सेलेस्टा (घंट्यांसारखा आवाज देणारे, पियानोसारख्या पट्ट्यांचे वाद्य) हवा. त्या वर्षी तसा हॉर्नवादक विद्यापीठात नसेल, तर तुम्ही कितीही छान वाजवा, आयोजकांचे हात बांधलेले असतात.

एखादीच मूव्हमेंट (रचनेचा एक स्वतंत्र भाग) वाजवायची असेल तर वाद्यसंख्या तिच्यापुरती तपासा. मोझार्टच्या तिसऱ्या व्हायोलिन कॉन्चेर्टोत (1775) पहिल्या आणि शेवटच्या मूव्हमेंटला दोन ओबो लागतात, मधल्या अडाजिओत (संथ मूव्हमेंटमध्ये) मात्र ओबोंच्या जागी फ्लूट येतात. फक्त पहिली मूव्हमेंट निवडलीत तर फ्लूटवादकांची गरजच नाही, आणि अर्जात तसे लिहिणाऱ्याने स्कोर (सगळ्या वाद्यांची एकत्र स्वरलिपी) खरोखर वाचला आहे हे लगेच कळते. मेंडेल्सोनमध्ये वेगळी अडचण आहे. पहिली मूव्हमेंट संपताना बासून एक स्वर धरून ठेवतो आणि त्यावरूनच दुसरी सुरू होते. एकच मूव्हमेंट वाजवणार असाल तर कुठे थांबायचे, हे अर्जातच लिहा.

वेळेची मर्यादाही इथेच आडवी येते. ब्राह्म्सच्या व्हायोलिन कॉन्चेर्टोची पहिली मूव्हमेंट एकटीच वीस मिनिटांपलीकडे जाते. मर्यादा पंधरा मिनिटांची असेल तर ती नियमातच बसत नाही, आणि मधले तुकडे गाळून बसवण्याची परवानगी क्वचित मिळते. सॅक्सोफोनवादकांसाठी ग्लाझुनोव्हचा कॉन्चेर्टो (1934) मला फार सोयीचा वाटतो: साथीला फक्त स्ट्रिंग्ज, सलग एकच मूव्हमेंट, साधारण चौदा मिनिटे. गिटारवादकांनी मायक्रोफोनची सोय आहे का, हे अर्ज करण्याआधी विचारावे. भरल्या स्ट्रिंग्जपुढे गिटारचा आवाज सहज बुडतो.

आणखी एक खर्च उमेदवारांच्या लक्षात येत नाही. कॉपीराइट असलेल्या कित्येक रचनांचे ऑर्केस्ट्राचे पार्ट्स (एकेका वाद्याच्या स्वरलिपीच्या प्रती) विकत मिळत नाहीत, प्रकाशकाकडून भाड्याने घ्यावे लागतात. युरोपीय संघात संगीतकाराच्या मृत्यूनंतर 70 वर्षे हक्क राहतात. त्यामुळे 1945 मध्ये गेलेल्या बार्तोकच्या रचना तिथे खुल्या झाल्या आहेत, 1975 मध्ये गेलेल्या शोस्ताकोविचच्या नाहीत. अमेरिकेत मोजणी वेगळी आहे. तिथे जुन्या रचनांसाठी प्रकाशनाचे वर्ष धरतात. भाडे कोण भरणार, विद्यापीठ की विजेता, हे सूचनेत शोधा आणि नसेल तर विचारा.

प्राथमिक फेरीचे रेकॉर्डिंग

बहुतेक स्पर्धांत पहिली चाळणी व्हिडिओवर होते. एक मूव्हमेंट एका सलग टेकमध्ये, कोणतीही जोडणी न करता, हा जवळपास सार्वत्रिक नियम. दोन मूव्हमेंटच्या मध्ये कॅमेरा थांबवता येतो की नाही, ते सूचनेत पाहा. चेहरा, दोन्ही हात आणि वाद्य पूर्ण वेळ दिसायला हवेत.

फोनवर रेकॉर्ड करत असाल तर आवाजाची पातळी आपोआप कमी-जास्त करणारी सोय बंद करा. ती चालू राहिली की पियानिसिमो (अगदी हळू) आणि फोर्टिसिमो (अगदी मोठ्याने) एकाच उंचीचे ऐकू येतात आणि तुमची महिनोन्महिन्यांची मेहनत परीक्षकांपर्यंत पोचतच नाही. फोन वाद्याला चिकटून न ठेवता काही पावले दूर ठेवा. आधी दोन मिनिटांचा तुकडा रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐका: सोलो आणि पियानो दोन्ही स्पष्ट येतात का?

साथीच्या पियानोवादकाला लवकर गाठा. बहुतेक ठिकाणी त्याची व्यवस्था आणि मानधन उमेदवाराकडेच असते. सोलो नसलेले ऑर्केस्ट्राचे लांब भाग पियानोवर आखडते घ्यायची मुभा सहसा असते. ब्राह्म्समध्ये तर व्हायोलिनचा पहिला स्वर येईपर्यंत दोन मिनिटांहून जास्त वेळ जातो.

परीक्षकांना नावे न कळवता परीक्षण होत असेल तर व्हिडिओत नाव बोलू नका, फाइलच्या नावातही घालू नका. लिंक दिली असेल तर ती परवानगी न मागता उघडते का, हे दुसऱ्याच्या फोनवर तपासा आणि निकाल लागेपर्यंत ती काढू नका.

कागदपत्रे

ओळख आणि पात्रतेचे कागद सोपे आहेत: भरलेला अर्ज, विद्यार्थी असल्याचा दाखला, वयाचा पुरावा, शुल्काची पावती, छोटा परिचय आणि फोटो. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांचे संमतिपत्र लागते. कार्यक्रमाचे चित्रीकरण आणि प्रसारण होणार असेल तर त्याची संमती वेगळी मागतात.

शिफारसपत्र बऱ्याच ठिकाणी शिक्षकांनी स्वतः पाठवायचे असते. त्यांना मुदतीच्या आदल्या दिवशी सांगू नका. रचना, स्पर्धेचे नाव आणि मुदत एका निरोपात लिहून निदान तीन आठवडे आधी द्या.

संगीताच्या कागदांत रचनेचे पूर्ण नाव, ओपस किंवा कॅटलॉग क्रमांक (संगीतकाराच्या रचनांच्या यादीतला), मूव्हमेंट, कालावधी, वाद्यसंख्या आणि आवृत्तीचा प्रकाशक लिहायचा असतो. अंतिम फेरीसाठी परीक्षकांना सोलो भाग आणि पियानो साथीच्या प्रती द्याव्या लागतात. त्यांवर मापांचे (बारचे) क्रमांक असलेच पाहिजेत, नाहीतर परीक्षकांना नेमक्या जागेवर शेरा लिहिता येत नाही.

शेवटी तारखांचे हमीपत्र. सर्व तालमींना आणि कार्यक्रमाला हजर राहीन, अशी त्यावर सही असते. परीक्षा आणि प्रवास यांच्या तारखा तपासूनच सही करा. तालमी मोजक्याच असतात. एक चुकली तरी जागा राखीव उमेदवाराकडे जाऊ शकते. दुसऱ्या देशातून येणाऱ्यांनी व्हिसाला लागणारा वेळ आधीच धरावा आणि विद्यापीठ निमंत्रणपत्र देते का, ते विचारावे.

निवड झाल्यावर

अंतिम फेरी प्रत्यक्ष, पियानोसह आणि बहुधा पाठांतरावर होते; समकालीन रचनांना काही ठिकाणी कागद समोर ठेवण्याची सूट असते. निवड झाल्यावर पहिल्या तालमीच्या बऱ्याच आधी कंडक्टरला भेटण्याची वेळ मागून घ्या. तुमची आवृत्ती आणि ऑर्केस्ट्राचे पार्ट्स वेगळ्या प्रकाशकांचे असतील तर तालमीची अक्षरे (तालमीत जागा सांगायला स्वरलिपीत छापलेली A, B, C) जुळत नाहीत. दोन्ही शेजारी ठेवून आपल्या प्रतीत खुणा करा. ऑर्केस्ट्रा 440 ला स्वर लावतो की 442 ला (A या स्वराची हर्ट्झमधली कंपने), हेही विचारा. ओबो आणि क्लॅरिनेट वाजवणाऱ्यांना त्यानुसार रीड किंवा बॅरल आधीच बदलून पाहता येते. कडेंझा (ऑर्केस्ट्रा थांबलेला असताना सोलोइस्टने एकट्याने वाजवायचा भाग) तुम्ही स्वतः लिहिला असेल, तर त्याची शेवटची आठ-दहा मापे स्वच्छ लिहून कंडक्टरच्या हातात द्या, म्हणजे ऑर्केस्ट्राला नेमके कुठे आत आणायचे हे त्यांना पहिल्या तालमीपासून माहीत असेल.